तोतया नव्हे, उमेदवार

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील गोष्ट. तास संपवून प्रस्तुत लेखक वर्गाबाहेर पडत असता बी. सी. ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकणारी एक विद्यार्थिनी दाराशी थांबलेली दिसली. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात तिने काम केले होते, ओळख तेवढीच. ही मुलगी लासूर स्टेशनच्या पलीकडील एका खेड्यातून एस.टी.ने ये-जा करते. घरी कापूस आणि कांदा. तिच्या मोबाईलवर पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी भरावयाचा अर्ज उघडलेला होता. सर्व रकाने भरून झाले होते. फक्त पाठवायचे राहिले होते, आणि तीन दिवस ते तसेच राहिले होते.

"सर, त्यांनी नाही म्हटले तर मला काही वाटणार नाही," ती म्हणाली, "पण हो म्हटले तर? तिथे गेल्यावर मला काहीच येत नाही हे त्यांना कळेल."

मी तिला म्हणालो, "घाई कशाला करतेस? आधी तयारी पक्की कर. पुढच्या वर्षी बघू." तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव उमटला. त्या सुटकेनेच मला सावध करावयास हवे होते; परंतु तसे झाले नाही. मुदत टळून गेली. पुढे कळले की तिच्याच वर्गातील, तिच्याहून कमी गुण असलेल्या एका मुलाने पुण्यातील मोठ्या भावाच्या आग्रहावरून तोच अर्ज केला होता आणि त्याची निवडही झाली होती. दोघांची प्रयोगशाळा एक, शिक्षक एक, पुस्तके एक. त्याला 'पाठव' म्हणणारे कुणीतरी होते आणि तिला 'थांब' म्हणणारा मी होतो, एवढाच काय तो फरक. या लेखाचे प्रयोजन त्या चुकीच्या सल्ल्यात आहे.

भावना जुनी, नाव अलीकडचे

नकाराची भीती सर्वांना समजते. परंतु निवड होण्याचीच भीती वाटावी, मिळालेले यश आपले नव्हेच, आज ना उद्या आपले पितळ उघडे पडेल असे सतत वाटत राहावे, ही अवस्था निराळी आहे. अमेरिकेतील पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ विदुषींनी १९७८ साली तिचे वर्णन प्रथम केले. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांशी झालेल्या संवादातून त्यांना असे आढळले की पदव्या, पारितोषिके आणि सहकाऱ्यांचा आदर हे सारे पदरी असूनही या स्त्रिया स्वतःला बुद्धिमान मानीत नव्हत्या. आपण लोकांना फसविले आहे, असेच त्यांना वाटत होते. लेखिकांनी या प्रकाराला रोग म्हटले नव्हते. 'सिंड्रोम' हा शब्द लोकांच्या तोंडी मागाहून रुळला. ही भावना केवळ स्त्रियांपुरती नाही, हेही पुढील अभ्यासांतून दिसून आले.

मराठीत या भावनेला 'तोतयेपणा' म्हणता येईल. आणि तोतया म्हटला की मराठी वाचकाला पानिपतानंतरचा तोतया आठवल्यावाचून राहत नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ रणांगणावर पडले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या इसमाने १७७६ साली कोकणात फौज जमविली, किल्ले घेतले आणि पेशवाईला घोर लावला. अखेर त्याला देहान्त शासन झाले. या इतिहासातून आपल्या विषयापुरता एकच बोध घ्यावयाचा : खरा तोतया स्वतःविषयी निःशंक असतो. शंका घेत बसला तर त्याचे बंडच उभे राहणार नाही. रात्र रात्र जागून 'मी या जागेस पात्र आहे काय' असा प्रश्न स्वतःस विचारणारी मुलगी आणखी काहीही असेल, तोतया खासच नव्हे.

आपला पसारा, दुसऱ्याची बैठक

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक असल्याने या भावनेकडे त्या शास्त्राच्या अंगाने पाहण्याचा मोह होतो. १९७० साली जॉर्ज अकेरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक साधी गोष्ट दाखवून दिली. विकणाऱ्याला गाडीतील सारे दोष ठाऊक असतात. घेणाऱ्याला फक्त वरचा रंग दिसतो. माहितीच्या या विषम वाटणीमुळे बाजाराचा निवाडा चुकतो. १९७३ मध्ये मायकेल स्पेन्स यांनी हाच विचार नोकऱ्यांच्या बाजाराला लावला. मालकाला उमेदवाराची गुणवत्ता थेट दिसत नाही, म्हणून तो पदवीसारख्या खुणांवर विसंबतो. या दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ सालचे नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले.

आपल्या विद्यार्थ्याची स्थिती अशीच आहे. स्वतःच्या ज्ञानातील प्रत्येक भोक त्याला आतून दिसते. इतरांचा मात्र त्याला केवळ रंग दिसतो : कुणाची पुण्यामुंबईच्या महाविद्यालयातील पदवी, कुणाचे सफाईदार इंग्रजी, कुणी मिळविलेल्या निवडीची अभिनंदनपर छायाचित्रे. आपल्या माजघरातील पसाऱ्याची तुलना तो दुसऱ्याच्या आवरलेल्या बैठकीशी करतो आणि निष्कर्ष काढतो की आपलेच घर अव्यवस्थित आहे. यात दोष बुद्धीचा नाही, अपुऱ्या माहितीवर मांडलेल्या हिशोबाचा आहे.

त्यात या क्षेत्रातील खुणांची शर्यत दिवसेंदिवस अलीकडे सरकत चालली आहे. पूर्वी पदवीच्या अखेरच्या वर्षी नोकरीचा विचार सुरू होई. आता पहिल्या-दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठीच काही मोठ्या कंपन्यांनी स्वतंत्र इंटर्नशिप योजना काढल्या आहेत. गूगलची 'स्टेप' ही त्यांपैकी एक. ही गोष्ट महानगरातील मुलाला बारावीतच शेजारच्या दादाकडून कळते. गंगापूरच्या मुलाला ती तिसऱ्या वर्षात, तीही योगायोगाने कळते. तो उशिरा पोचतो आणि त्या उशिराला आपल्या बुद्धीचे माप समजतो. वास्तविक उशीर बातमीला झालेला असतो.

शब्दानेच दिलेली ग्वाही

इंटर्नशिप म्हणजे तरी काय? शिक्षकवर्गाला बी.एड.मधील 'आंतरवासिता' ठाऊक आहे. परंतु याहून जुना आणि अधिक बोलका शब्द आपल्याकडे आहे : उमेदवारी. कचेरीत कायमची जागा मिळण्यापूर्वी कारकुनाच्या हाताखाली बसून काम शिकणाऱ्या मुलाला उमेदवार म्हणत. १९६१ च्या कायद्याखाली कारखान्यात शिकणाऱ्याला आजही 'शिकाऊ उमेदवार' हेच नाव आहे. फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ आहे आशा बाळगणारा. ज्याला सारे येते तो उमेदवार नव्हे. ज्याला अजून यावयाचे आहे, परंतु ज्याच्यापाशी उमेद आहे, तो उमेदवार.

आपल्याच तालुक्यात याचा पुरावा आहे. वाळूज औद्योगिक वसाहतीत १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्यापाठोपाठ आलेल्या लहानमोठ्या कारखान्यांतून आसपासच्या गावांची शेतकऱ्यांची मुले यंत्रांपुढे उभी राहिली. त्यांच्या वडिलांनी लेथ पाहिलेले नव्हते. काम येते म्हणून ती फाटकातून आत गेली असे नाही. फाटकातून आत गेली म्हणून त्यांना काम आले. केनेथ ॲरो यांनी १९६२ साली 'करता करता शिकणे' हा विचार अर्थशास्त्रात मांडला, तेव्हा त्यांच्यापुढे विमानबांधणीचे उदाहरण होते. अधिक विमाने बांधली जातात तसतसा प्रत्येक विमानामागे लागणारा श्रम कमी होत जातो. जे ज्ञान केवळ कामातून मिळते, त्याची पूर्वतयारी कामाबाहेर राहून पुरी होऊ शकत नाही. 'आधी तयारी पक्की कर' हा माझा सल्ला या कसोटीवर सपशेल नापास ठरतो.

न्यूनगंड की अनुशेष?

मग या मुलांत काहीच उणे नाही, असे म्हणावयाचे काय? तसे म्हणणे खोटे ठरेल, आणि खोट्या धीराने कुणाचे भले होत नाही. इंग्रजीचा सराव कमी असतो. घरी स्वतःचा लॅपटॉप नसतो. प्रयोगशाळेत एका यंत्राभोवती तिघे बसतात. हे वास्तव आहे. प्रश्न इतकाच की या उणिवेला नाव कोणते द्यावयाचे.

मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनाने एक फार उपयुक्त शब्द घडविला आहे : अनुशेष. १९८३ साली राज्य शासनाने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली आणि तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. तोवर मागासलेपणाची चर्चा गाऱ्हाण्यांच्या आणि प्रत्युत्तरांच्या स्वरूपात चाले. समितीने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी एकेक बाब वेगळी काढली, राज्याच्या सरासरीशी तिची तुलना केली आणि तूट किती ते रुपयांत मांडले. अहवालाच्या पद्धतीविषयी वाद झाले, अनुशेष पुरता भरूनही निघाला नाही. परंतु विचारातील बदल मूलगामी होता. 'आम्ही मागास आहोत' या वाक्यात लाज आहे. 'अमुक बाबीत अमुक इतकी तूट आहे' या वाक्यात कार्यक्रम आहे.

विद्यार्थ्यानेही स्वतःसाठी असाच एक अहवाल लिहावा. 'मला कोडिंग येत नाही' हा न्यूनगंड होय. तो मोजता येत नाही म्हणून भरूनही काढता येत नाही. 'मला लूप आणि फंक्शन लिहिता येते, परंतु डेटाबेसशी जोडणी करता येत नाही. चूक दाखविणारा संगणकाचा इंग्रजी संदेश वाचून नेमका अर्थ लागत नाही. चौघांनी मिळून एकाच प्रोग्रामवर काम कसे करतात ते पाहिलेले नाही' हा अनुशेष झाला. यातील प्रत्येक बाबीला काही आठवड्यांचा अभ्यास पुरतो. अशा कागदापुढे मन घाबरत नाही, कामाला लागते.

मात्र हिशोबाच्या वहीला दोन बाजू असतात. माझ्या त्या विद्यार्थिनीला मी पुढे एकदा जमेची बाजू लिहावयास सांगितली. कागद बराच वेळ कोराच राहिला. बोलता बोलता कळले की कांद्याच्या पट्टीचा हिशोब करणारा एक छोटा प्रोग्राम तिने घरच्यासाठी लिहिला आहे. क्विंटल आणि भाव घातला की हमाली, तोलाई वजा होऊन निव्वळ रक्कम येते, आणि वर्षभराच्या साऱ्या पट्ट्या एका ठिकाणी जमा होतात. बाजारातून आलेल्या दोन पट्ट्यांतील बेरजेची चूकही तिने त्यावरून वडिलांना दाखविली होती. हे अर्जात का लिहिले नाहीस, असे विचारता ती म्हणाली, "ते काय सर, घरचेच आहे." खऱ्या माणसाची खरी अडचण सोडविणारा प्रोग्राम लिहिणे, याच कौशल्यासाठी सॉफ्टवेअर कंपन्या पगार मोजतात. जे पुस्तकात नाही ते ज्ञान नव्हे, आणि जे घरचे आहे ते कर्तृत्व नव्हे, ही समजूत आम्हा शिक्षकांनीच मुलांच्या मनात रुजविली आहे.

एक सावधगिरीची सूचना येथेच केली पाहिजे. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागितल्यासरशी प्रोग्राम लिहून देतात. असे उसने काम स्वतःचे म्हणून अर्जात मांडल्यावर मनाला जी टोचणी लागते, तिला तोतयेपणाचा भास म्हणून झटकून टाकू नये. ती सदसद्विवेकबुद्धी आहे. नियम सोपा ठेवावा : ज्याची प्रत्येक ओळ आपल्याला समजावून सांगता येते तेच आपले म्हणावे. हा नियम पाळणाऱ्याला उघडे पडण्याचे भय उरत नाही, कारण झाकलेले असे काही राहतच नाही.

या भूमीचा अनुभव

परक्या भाषेच्या दारात अडखळणारी ही पहिली पिढी आहे, असे समजण्याचे कारण नाही. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या मराठवाड्यात घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला उच्च शिक्षणासाठी उर्दूचा उंबरठा ओलांडावा लागे. आजोबांनी उर्दूशी झुंज दिली, नातवंडे इंग्रजीशी देत आहेत. भाषा अवघड वाटणे हा अपात्रतेचा पुरावा असता, तर या प्रदेशात एकही वकील अथवा शिक्षक निपजला नसता.

याच शहरात १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. ज्यांच्या घराण्यात अक्षरओळखही नव्हती अशी मुले तेथे आली. 'ही जागा आपली नव्हे' असे त्यांना किती तीव्रतेने वाटले असेल याची कल्पना आज करवत नाही; समाजाने तसे शतकानुशतके बजावूनच ठेवले होते. बाबासाहेबांनी त्या मुलांना आत्मविश्वासावर व्याख्याने देऊन सोडून दिले नाही. त्यांनी महाविद्यालय उभे केले. वसतिगृहे, ग्रंथालय आणि शिक्षक यांची जोड तेथे मिळाली. मनातील परकेपणाला त्यांनी दिलेले उत्तर संस्थेच्या रूपाने होते.

जबाबदारी कोणाची?

हा धडा आज विसरला जात आहे. रुचिका तुलश्यान आणि जोडी-ॲन बुरे यांनी २०२१ साली लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात असा आक्षेप घेतला की ज्या कार्यालयांत माणसाला परके वाटावे अशीच वागणूक मिळते, तेथे दोष कार्यालयाचा असता स्त्रियांनाच 'तुमच्या मनात बिघाड आहे' असे सांगितले जाते. हा आक्षेप आपल्यालाही लागू पडतो. 'न्यूनगंड सोडा' असे फलक भिंतीवर लावून महाविद्यालयाची जबाबदारी संपत नाही.

शासनाने काही पावले उचलली आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात इंटर्नशिपला स्थान दिले. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मोठ्या ५०० कंपन्यांमध्ये पाच वर्षांत एक कोटी तरुणांना दरमहा ५,००० रुपये देऊन इंटर्नशिप देण्याची योजना घोषित झाली. त्याच वर्षी राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तीत पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. पैशाची बाजू गौण नव्हे. पुण्यात खोली घेऊन दोन महिने बिनपगारी राहणे कांदा उत्पादकाच्या मुलीला परवडत नाही, आणि जी उमेदवारी केवळ सुखवस्तूंनाच परवडते ती गुणांची निवड करीत नाही, ऐपतीची करते.

परंतु योजना आणि विद्यार्थी यांच्यामध्ये जे अंतर उरते ते भरण्याचे काम आम्हा शिक्षकांचेच आहे, आणि त्याला फारसा खर्चही येत नाही. कोणत्या कंपनीचे अर्ज केव्हा निघतात याचे वेळापत्रक पहिल्या वर्षाच्या वर्गात लावावे. बाहेर काम करून आलेल्या माजी विद्यार्थ्याला बोलावून त्याच्या यशाऐवजी त्याच्या पहिल्या आठवड्याची फजिती सांगावयास लावावी. ती ऐकून माजघरे सर्वांचीच सारखी असतात हे मुलांना उमजेल. नाकारलेल्या अर्जांची चर्चा वर्गात मोकळेपणी व्हावी. जगभरातील लोक मिळून ज्या खुल्या प्रणाली घडवितात, त्यांत एखादी चूक दुरुस्त करणे वा एखाद्या सूचनेचा मराठी अनुवाद करणे यासारखे लहान काम मुलांकडून करवून घ्यावे. लिनक्स ही आज जगभर वापरली जाणारी प्रणाली १९९१ साली हेलसिंकीतील एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, छंद म्हणूनच लोकांपुढे ठेवली होती. अपुरे काम लोकांना दाखविण्याचे धैर्य त्याने केले आणि उरलेले काम हजारो हातांनी पुरे केले.

कंपन्यांकडूनही एक माफक अपेक्षा आहे. इंटर्नशिपच्या जाहिरातीत अनुभवाची अट घालणे म्हणजे पोहता आल्याखेरीज पाण्यात उतरू नकोस असे सांगण्यासारखे आहे. काय येणे आवश्यक आहे आणि काय शिकविले जाईल, हे दोन रकाने जाहिरातीतच वेगळे करावेत. त्याने दूरच्या तालुक्यातील कितीतरी अर्ज वाटेतच अडणार नाहीत.

शेवटी पुन्हा त्या मुलीविषयी. आता ती तिसऱ्या वर्षात आहे. या वर्षी तिने तीन ठिकाणी अर्ज केले आणि तिन्हींत पहिल्या ओळीत कांद्याच्या पट्टीचा प्रोग्राम लिहिला. एका ठिकाणचा नकार आला. एका ठिकाणी लेखी चाचणी झाली असून निकाल यावयाचा आहे. तिसरीकडून अद्याप काही कळलेले नाही. सारे सुरळीत झाले असे सांगून लेख संपविणे मला शक्य नाही. भीती गेली का, असे मी तिला विचारले. "गेली नाही सर," ती म्हणाली, "पण पाठवताना थांबले नाही."

याहून अधिकाची अपेक्षा कोणत्याही उमेदवाराकडून करू नये. आणि आम्ही शिक्षकांनी, एखादा विद्यार्थी अर्ज हातात घेऊन दाराशी उभा राहील तेव्हा, 'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.